कौल नसलेलं गलबत

ओहोटी लागायला अजून तासभर होता. अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्याकडे तोंड करून आम्ही दोघी वाळूत बसलो होतो. पाणी उतरलं की चालत किल्ल्यात जायचं, हा आमचा दर मे महिन्याचा रिवाज. भाची पंधरा वर्षांची. तिच्या मांडीवर एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. तीत चाच्यांच्या सरदाराची मुलगी होती, एकमेकांवर टपलेली बेटांची राज्यं होती, वाऱ्याला हुकूम करणारी जादू होती, दरबारातलं विष आणि फितुरी होती. ती कादंबरी मी आदल्याच आठवड्यात तिच्याकडून घेऊन दोन रात्रींत वाचून काढली होती. असल्या पुस्तकांना ‘पोरांचं वाचन’ म्हणून बाजूला सारणं मला कधीच पटलेलं नाही. राज्य कोणाचं, शब्द कोणाचा पाळायचा, आपल्या माणसांनी चूक केली तर काय करायचं, हे प्रश्न त्या वयात जितके अंगावर येतात तितके पुढे क्वचितच येतात.

“मावशी,” ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, “कान्होजी आंग्रे पायरेट होते का?”

मला राग आला. प्रश्नाचा नव्हे, त्या शब्दाचा. मी शाळेत शिकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, पश्चिम किनाऱ्याचे राखणदार, इंग्रजांना हरवता आलं नाही म्हणून त्यांनी बदनाम केलेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे त्यांनी व्यापाऱ्यांची जहाजं पकडली नाहीत?”

“पकडली.”

“मग?”

समोर लाटांवरची चमक हळूहळू मागे सरकत होती, आणि त्या ‘मग’चं उत्तर मला देता येत नव्हतं. मी दोन वर्षांपासून किशोरांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहीत होते. कोकणासारखा किनारा, समुद्रातले किल्ले, एका तांडेलाची सोळा वर्षांची मुलगी, तिचं नाव येसू. निम्मी लिहून झाली होती आणि तिथेच अडली होती. का अडली ते मला त्या ‘मग’ने दाखवलं.

चाचा हा शब्दच आता पोरांना माहीत नाही. भाचीला तो हिंदीतला काका वाटला. मोल्सवर्थच्या कोशात तो ‘चांचा’ असा अनुस्वारासकट बसलेला आहे, पण बोलण्यातून गेला. बाईसाठी तर त्याचं रूपच नाही. येसूला लोक काय म्हणतील हे ठरवताना मी चार दिवस घालवले आणि शेवटी तिचे शत्रू तिला नुसतं ‘ती कौलावाचूनची’ म्हणतात असं लिहिलं. त्या कौलाकडे मी येणारच आहे. आधी कागदांबद्दल सांगते, कारण किल्ल्यातून परत आल्यावर मी जे वाचत सुटले ते सगळं कागदांबद्दल होतं.

पोर्तुगीज या समुद्रात आले आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी एक नवी गोष्ट जाहीर केली. या पाण्यात फिरायचं तर आमचा परवाना हवा. त्याला ते कार्ताझ म्हणत. त्यावर नाखवाचं नाव, जहाज केवढं, माणसं किती, हत्यारं कोणती, जाणार कुठे, सगळं लिहिलेलं. काही माल न्यायला बंदी. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. शतकानुशतकं अरब, गुजराती, मलबारी गलबतं ज्या वाऱ्यावर ये-जा करत होती, तो वारा एका सकाळी कोणाच्या तरी मालकीचा झाला. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलासुद्धा सुरतेला या कागदापायी दीर्घकाळ खोळंबून राहावं लागलं. हिंदुस्थानच्या बादशहाच्या घरातली बाई, आणि समुद्रावर पाय ठेवायला गोव्याहून कागद यायला हवा.

कान्होजींनी केलं ते याच व्यवस्थेला दिलेलं उत्तर होतं. समुद्र आमचा, तर दस्तकही आमचं. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, नाहीतर माल सोडा. इंग्रजांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. स्वतः दस्तकं द्यायची त्यांना सवय होती, दुसऱ्याचं घ्यायची नव्हती. म्हणून ‘पायरेट’. एका ब्रिटिश कर्नलने १९०७ साली या किनाऱ्यावर पुस्तक लिहिलं, तर त्याच्या नावातच मलबारचे चाचे आहेत. कागद तोच, मजकूर जवळजवळ तोच. सही बदलली की कागद खोटा आणि माणूस चाचा.

याच काळात टोपीकरांचे स्वतःचे चाचे इथे धुमाकूळ घालत होते. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे यात्रेकरूंनी भरलेलं जहाज लुटलं. त्याची शिक्षा सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना झाली, त्यांना कैदेत टाकलं गेलं. मोगलांच्या लेखी टोपी घातलेला प्रत्येक जण चाचाच होता, आणि त्या जहाजावरच्या बायकांचे जे हाल झाले ते वाचल्यावर त्यांना दोष देववत नाही.

पण या सगळ्यात माझ्या मनात घर करून बसला तो कॅप्टन विल्यम किड. त्याला चाचे पकडायलाच पाठवलं होतं. इंग्लंडच्या राजाचा हुकूमनामा खिशात घेऊन तो हिंदी महासागरात आला. त्या हुकुमाने त्याला चाच्यांना पकडायची आणि फ्रेंच जहाजं ताब्यात घ्यायची मुभा होती. १६९७ मध्ये त्याचं जहाज कारवारलाही लागलं होतं. १६९८ च्या जानेवारीत कोचीनजवळ त्याने ‘क्वेदा मर्चंट’ नावाचं मालाने भरलेलं जहाज धरलं. जहाजाकडे फ्रेंच परवाना होता, म्हणजे किडच्या हिशेबाने ते कायदेशीर सावज. पण त्यातला माल मोगल दरबारातल्या बड्या माणसाचा होता, आणि सुरतेच्या इंग्रजांना एव्हरीचा अनुभव ताजा होता. ज्यांनी किडला पाठवलं त्या लंडनच्या मोठ्या लोकांनी हात झटकले. खटल्यात तो धरलेल्या जहाजांवरचे दोन फ्रेंच परवाने मागत राहिला. ते सापडत नव्हते. त्याच्यावर स्वतःच्याच जहाजावरच्या गोलंदाजाच्या खुनाचाही आरोप होता आणि तो सिद्ध धरला गेला, त्यामुळे ते कागद मिळूनही तो वाचला असता की नाही सांगता येत नाही. १७०१ च्या मे महिन्यात थेम्सच्या काठी त्याला फाशी दिली. पहिल्या खेपेला दोर तुटला. त्याला पुन्हा वर चढवलं.

ते परवाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यात सापडले. दोनशे वर्षं ते तिथेच होते.

मी त्या रात्री झोपले नाही. कादंबरीत जादू कुठून आणायची, हा माझा अडलेला प्रश्न होता. छडी, मंत्र, चमकणारे दगड, सगळं लिहून खोडून झालं होतं, कारण ते माझ्या पाण्यातलं नव्हतं. आणि इथे जादू होती. एक कागद. असेल तर माणूस राजाचा सेवक, नसेल तर सुळावर. माणसाच्या अंगात काही बदललेलं नाही, त्याच्या हातून घडलेलं काही बदललेलं नाही, फक्त एक कागद फडताळातून दुसऱ्या फडताळात गेला.

आता कौल.

माझ्या आईचं माहेर दक्षिण रत्नागिरीतलं. लहानपणी मे महिन्यात आजोबांबरोबर मी ग्रामदेवतेच्या देवळात जायची. काही ठरवायचं असलं, शेत विकायचं, मुलीचं स्थळ पाहायचं, मुंबईला नोकरीला जायचं, की आजोबा देवीला कौल लावत. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवायचा, आजोबांचं गाऱ्हाणं मोठ्याने देवीपुढे मांडायचा, आणि मग सगळे थांबायचे. ते थांबणं मला आजही अंगात जाणवतं. समईच्या तेलाचा वास, बाहेर फणसाखाली कुत्रं खाजवतंय त्याचा आवाज, आणि सगळ्यांचे डोळे त्या कळ्यांवर. उजवीकडची पडली की होकार. डावी पडली की नकार. एकदा मामाच्या दुबईच्या नोकरीला डावा कौल आला. मामा घरी येऊन काही बोलला नाही, रात्री पडवीत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी पुन्हा लावला, प्रश्न जरा फिरवून. उजवी पडली. मी आठ वर्षांची होते. देवीने मत बदललं की आजोबांनी, हे मी आजीला विचारलं तेव्हा तिने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

हाच कौल जुन्या कागदांतही आहे. तिथे तो देवाचा नव्हे, सरकारचा. ओसाड गाव पुन्हा वसवायचा तर कौल देत, म्हणजे इतकी वर्षं इतकाच सारा घेऊ, असं लेखी अभय. शरण येणाऱ्याला अभयाचा कौल. आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राज्यनीतीच्या ग्रंथात, आरमाराच्या प्रकरणात, व्यापाऱ्यांच्या तरांड्यांचा विचार होतो तोही या कौलाच्याच भाषेत. (त्याच प्रकरणात जहाजांसाठी लाकूड तोडण्याबद्दल लिहिलं आहे की आंबा-फणस तोडू नका, ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. आरमार बांधणारं राज्य झाडावरच्या हक्काचा विचार करतं, हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.) आणि आज निवडणुकीचे निकाल लागले की वर्तमानपत्रं जनतेचा कौल लिहितात.

देवाचा होकार, सरकारचा कागद आणि लोकांचं मत, तिन्हीला आपल्या भाषेत एकच शब्द. मुळात तो अरबीतला, दिलेला शब्द, वचन. मी इतकी वर्षं तो रोज वापरत होते आणि माझी कादंबरी त्याच्यातच दडलेली होती हे मला दिसलं नव्हतं.

मग येसूचा समुद्र मला सापडला. त्या समुद्रात कौल असल्याशिवाय गलबत हाकारता येत नाही. कौल भूर्जपत्रावर लिहितात, डोलकाठीला बांधतात, आणि मगच शिडात वारा भरतो. कौल देणारी सात बेटं, सात कौलदार, प्रत्येकाचा शिक्का वेगळा. एकाचा कौल दुसऱ्याच्या पाण्यात चालत नाही, तिथे गलबत मेल्यासारखं उभं राहतं आणि मग वल्ह्यांची गलबतं येऊन त्याला घेरतात. हे घेरणं मी आंग्र्यांच्या लढायांमधून उचललं. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी खिळत, आणि वल्ह्यांवर चालणारी हलकी गलबतं जड तोफांच्या गुराबांना दोरांनी ओढत त्यांच्या पिछाडीला आणून उभी करत. तिथून शिडं आणि डोलकाठ्या आधी फोडायच्या. चाळीस-पन्नास वल्ही एका तालात पडतात, तो ताल मी मनात इतका घोळवला की त्या पानांची वाक्यंही आखूड झाली.

येसूचं गुपित एवढंच. तिच्या बापाचं गलबत कौलाशिवाय चालतं. का चालतं ते तिलाही माहीत नाही. आणि हे ज्या दिवशी बंदरावर कळेल त्या दिवशी सातही कौलदार, जे एकमेकांचे वैरी आहेत, एक होतील.

राजकारण लिहिताना मला कल्पनेला फार कष्ट द्यावे लागले नाहीत. १७१३ सालचंच घ्या. छत्रपती शाहू आणि ताराबाई यांच्यात राज्य वाटलं गेलेलं. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. त्यांच्यावर शाहूंनी आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे पाठवला, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं. साताऱ्याला घबराट. मग बाळाजी विश्वनाथ पुढे झाले, त्यांना पेशवेपद मिळालं, आणि ते लढायला नव्हे, बोलायला गेले. दोघांची जुनी ओळख होती. कान्होजी शाहूंकडे आले, सरखेलपद कायम राहिलं, बहिरोपंत सुटले. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे ज्याला पकडलं त्याचीच नोकरी गेली आणि ज्याने पकडलं त्याला बढती.” मला हे इतक्या थोडक्यात कधी मांडता आलं नसतं.

जादूचं आणि सत्तेचं जे नातं मला हवं होतं तेही त्याच काळात होतं. ब्रह्मेंद्रस्वामी. चिपळूणजवळच्या परशुरामाचे, पुढे साताऱ्याजवळ धावडशीला राहिलेले. लोक त्यांच्या अंगी सिद्धी मानत, आणि ते पेशव्यांना, आंग्र्यांना, सगळ्यांना कर्ज देत. आशीर्वादही त्यांचा, व्याजही त्यांचं. अंजनवेलच्या सिद्दीच्या एका हत्तीवरून पेटलेलं भांडण इतकं वाढलं की १७२७ साली परशुरामाचं देऊळ लुटलं गेलं. एक हत्ती, एक स्वामी, एक सिद्दी, एक सरखेल. माझ्या कादंबरीतला सावकार-मांत्रिक यांच्यावरूनच आला. तो शाप देत नाही, नुसती वही उघडतो.

पण जे प्रकरण लिहिताना माझा हात थरथरला ते वेगळं आहे. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले, तेव्हा बाजीराव पेशवे मदतीला आले आणि हल्ला फसला. पस्तीस वर्षांनी, १७५६ च्या फेब्रुवारीत, त्याच बाजीरावांच्या मुलाची फौज जमिनीवरून आणि वॉटसन-क्लाइव्ह यांचं इंग्रज आरमार समुद्रातून विजयदुर्गावर आलं, कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध. तुळाजी नानासाहेबांना जुमानत नव्हते, आपल्याच लोकांची गलबतं धरत होते, त्यांच्याबद्दल तक्रारी खऱ्या होत्या. हे सगळं मान्य करूनही मला तो दिवस वाचवत नाही. इंग्रजांचा एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. ते जहाज आंग्र्यांनी कधीकाळी इंग्रजांकडूनच जिंकलेलं होतं. ते पेटलं, आणि शेजारी बांधलेली गलबतं-गुराबं एकामागोमाग एक पेटत गेली. वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी बघता बघता आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. लूट इंग्रजांनी आपसात वाटली. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले. आणि पुढच्याच वर्षी तेच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह बंगालमध्ये होते, आणि क्लाइव्ह प्लासीला.

मी विजयदुर्गाच्या तटावर संध्याकाळी उभी राहिले आहे. खाली खाडीत आता मासेमारीच्या बोटी असतात, निळ्या-हिरव्या, त्यांच्यावर देवांची नावं. एक म्हातारा तिथे जाळं विणत बसला होता. मला त्याला काही विचारायचं होतं, पण काय विचारायचं ते सुचेना, म्हणून मी त्याच्या शेजारी नुसती बसले.

माझ्या कादंबरीत आरमार जळतं. येसूच्या बाजूचा माणूस ते जाळतो, आणि त्याच्याकडे कारण असतं, खरं, पटण्याजोगं. भाचीने ते प्रकरण वाचून दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाळलं. मग तिने फोन केला. “त्याला तू खलनायक का नाही केलंस?” मी म्हटलं, मला जमलं नाही. ती म्हणाली, “बरं केलंस.”

मागच्या हिवाळ्यात मी थळहून बोटीने खांदेरीला गेले. १६७९ साली शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रजांनी मुंबईहून जहाजं आणून वेढा घातला होता, आणि आपली माणसं रात्री हलक्या बोटींतून, इंग्रजांना चुकवून, किनाऱ्यावरून सामान पोहोचवत होती. समोरच उंदेरी. ती सिद्दीने बळकावली. दोन बेटं, डोळ्यांसमोर, एकमेकांवर तोफा रोखून वर्षानुवर्षं. आता खांदेरीवर १८६७ सालचं दीपगृह आहे, आणि २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत खांदेरीही आहे.

कोळ्यांसाठी मात्र ते वेताळाचं बेट आहे. बोट हाकणाऱ्या तांडेलदादांनी धक्क्यावर पाय ठेवण्याआधी हात जोडले. देवळात मूर्ती नाही, एक मोठा पांढरा दगड आहे. त्यांनी नारळ ठेवला, तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घातलं. मग मला थोडं पुढे एका खडकाकडे नेलं आणि हातात एक गोटा दिला. “मार, बाय.” मी मारला. खडकातून धातूचा आवाज आला, घंटेसारखा, लांबत जाणारा. मी पुन्हा मारला, वेगळ्या जागी. आवाज वेगळा आला. मला तिथून हलवेना. ज्यांनी कौल दिले आणि ज्यांनी ते नाकारले, ज्यांनी बेट बांधलं आणि ज्यांनी वेढलं, त्या सगळ्यांच्या आधीपासून हा दगड असाच वाजत असणार.

येसूचं गलबत कौलाशिवाय का चालतं, ते मला तिथे कळलं. समुद्राने कोणाकडे कौल मागितलाच नव्हता. वारा सगळ्यांच्याच शिडात भरत होता. लोकांनी कौलावर विश्वास ठेवून कौल नसलेल्यांची शिडं उतरवली होती, इतक्या पिढ्या की कौलावाचून शीड चढवून बघायचंच राहून गेलं. येसूच्या आईने एकदा चढवलं होतं, एवढंच.

परतताना तांडेलदादांना मी कादंबरीबद्दल सांगितलं. त्यांनी सुकाणूवरून नजर न काढता ऐकलं आणि एकच विचारलं, की तिच्या गलबतात वल्ही किती. मी सांगितलं. ते म्हणाले, जास्त आहेत, एवढी माणसं खाणार काय? मी घरी येऊन आठ वल्ही कमी केली.

मला वाटलं, आता झालं. पूर्ण मजकूर छापून, पंच लावून मी भाचीला दिला. तिने महिनाभर घेतला. परत आला तेव्हा समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या, बहुतेक शाबासकीच्या. पण अकराव्या प्रकरणात, जिथे येसूचे लोक कौलदाराचं एक जहाज धरतात आणि खंडणीसाठी कैदी आणतात, तिथे एक वाक्य होतं. जहाजावर एक मुलगी असते. माझ्या पानावर तिला अर्धी ओळ मिळाली होती. भाचीने तिच्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, “हिला कोणी कौल लावला?”

ती मुलगी मी कुठून घेतली ते मला चांगलं माहीत होतं, आणि म्हणूनच ती अर्ध्या ओळीत ठेवली होती. कॅथरीन कुक ही इंग्रज मुलगी १७०९ साली कारवारला उतरली तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. तिथल्या वखारीच्या प्रमुखाशी, वयाने कितीतरी मोठ्या माणसाशी तिचं लग्न लावलं गेलं. तो वारला. दुसरं लग्न झालं टॉमस चाऊनशी. १७१२ च्या नोव्हेंबरात ती दोघं कारवारहून मुंबईला निघाली, बरोबर मुंबईच्या गव्हर्नरची शस्त्रसज्ज नौका होती. आंग्र्यांच्या जहाजांनी गाठलं. तोफेच्या गोळ्याने नवरा मेला. ती कैद झाली, आणि ३०,००० रुपयांची खंडणी येईपर्यंत, पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत, आंग्र्यांच्या कैदेत राहिली. विशीही गाठली नव्हती आणि दोनदा विधवा झाली होती.

माझ्या किल्ल्याच्या आत ती होती. ज्या तटाकडे मी लहानपणापासून अभिमानाने पाहत आले त्याच तटाच्या धन्याची ती कैदी होती. तिने कोणाचं दस्तक नाकारलं नव्हतं, तिच्याकडे कोणी मागितलंही नव्हतं. कंपनीचे कागद, कान्होजींचे कागद, या सगळ्यांत तिचा उल्लेख रकमेशेजारी येतो. कान्होजींबद्दलचं माझं प्रेम तसूभर कमी झालं नाही. पण वाळूत बसून मी भाचीला जे एका दमात सांगितलं होतं, त्यात या मुलीला जागा नव्हती, आणि ‘मग?’ या प्रश्नाला मी तेव्हा गप्प का झाले ते मला आता समजलं.

या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. पाणी उतरलं, चपला हातात घेऊन आम्ही ओल्या वाळूतून चालत निघालो. किल्ल्यात गणपतीच्या देवळात बसलो, गोड्या पाण्याची विहीर पाहिली, तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या त्या दोन तोफा पाहिल्या. त्या इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या आहेत. भाचीने एकीच्या तोंडात हात घालून पाहिला. मग आम्ही समुद्राकडच्या बाजूला गेलो आणि मी तिला विचारलं, कैद्यांना कुठे ठेवत असतील असं तुला वाटतं?

तिने बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं. “जिथून किनारा दिसत असेल तिथे,” ती म्हणाली. “म्हणजे तिला वाटत राहील की चालत जाता येईल.”

अकरावं प्रकरण मी फाडलं. नवं त्या मुलीपासून सुरू होतं. तिची भाषा येसूला येत नाही, येसूची तिला. तिला रोज सकाळी भाकरी आणि सुकट मिळते, ती सुकट बाजूला ठेवते. झरोक्यातून तिला वाळू दिसते, पाणी दिसतं, पुन्हा वाळू दिसते. पहिल्या दिवशी तिला वाटतं ही कोणाची तरी जादू आहे. चौथ्या दिवशी तिने भिंतीवर खिळ्याने रेघा मारायला घेतल्या आहेत, पाणी केव्हा चढतं, केव्हा उतरतं, रोज किती उशिराने. नवव्या रात्री येसू तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन येते, त्या रेघा पाहते, आणि तांडेलाची मुलगी असल्यामुळे तिला त्या एका नजरेत वाचता येतात.

येसू तांब्या खाली ठेवते, खिळा उचलते, आणि सहाव्या दिवसाची चुकलेली रेघ दुरुस्त करते.